पाचगणीहून तांबरमला: उन्हाळा, सासूबाई आणि घराची शोधाशोध

टेबललँडवाली

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याची बदली ओरगडमला झालीय. चेन्नईच्या नैर्ऋत्येला मोटारींच्या कारखान्यांचा जो पट्टा आहे, तिथे. तो होळी झाली की लगेच जाईल, आम्ही मुलाची परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यात. आम्ही म्हणजे मी, सातवीत जाणारा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७६, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, बाकी ठणठणीत. रोज सकाळी बाजारापर्यंत चालत जाऊन येतात.

आमचं सगळं आयुष्य पाचगणीत गेलंय. घरात पंखा एकच, तोही पाहुणे आले की लागतो. एप्रिलात कामाला वाईला उतरलो तर पसरणी घाट संपायच्या आत मुलाचं "आई, परत जाऊया" सुरू होतं. आणि आता थेट चेन्नई! ऑफिसातले लोक तांबरम, वंडलूर, गुडुवांचेरी अशी नावं सुचवतायत. घर कसं बघायचं, सासूबाईंना झेपेल का, शाळेत तमिळ घ्यावंच लागतं का, सामान काय न्यायचं, जे सुचेल ते सांगा. फक्त "काही होत नाही, सवय होते" एवढंच सांगणार असाल तर ते नातेवाइकांनी सांगून झालंय :)

वाईची_पोर

पहिल्याच धाग्यात आमच्या वाईला नावं! जाहीर निषेध.

बाकी माझी बहीण चेन्नईत पेरुंगुडीला आहे, तिला विचारून लिहिते.

सेलैयूरकर

मूळ कोरेगावचा, आता कैक वर्षं पूर्व तांबरमला सेलैयूरमध्ये. जरा सविस्तर लिहितो.

तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका. चंद्रपूरचे मित्र आम्हाला हसतात, आमच्याकडे ४५ आणि तुम्ही ३८ ला रडता म्हणून. पण त्यांची हवा कोरडी, तिथे कूलर चालतो. इथे हवेतच इतकं बाष्प की कूलर खोली नुसती ओली करतो, तो विकत घेऊ नका. मे महिन्यात इथलं सरासरी कमाल तापमान ३७ च्या आसपास. खरी गोम किमान तापमानात आहे, ते २८. तुमच्याकडे मे महिन्यातसुद्धा पहाटे अंगावर पांघरूण लागतं, म्हणजे दिवसभर तापलेलं अंग रात्री निवतं. इथे ते निवत नाही. त्यामुळे घर बघताना बाकी सगळं नंतर, आधी एवढंच बघा की या घरात रात्री झोप लागेल का.

म्हणजे काय, तर सगळ्यात वरचा मजला नको. घरमालक "वर वारा छान येतो" म्हणेल, ते खरंही असतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला नको. घर सकाळी अकराला दाखवतात, तेव्हा सगळीच घरं चांगली वाटतात. नवऱ्याला सांगा, रात्री नऊला जाऊन बेडरूमच्या भिंतीला तळहात लावून बघ. भिंत गरम लागली तर पुढचं घर.

खिडक्या पूर्वेला किंवा आग्नेयेला असतील तर उत्तम, कारण समुद्रावरचा वारा तिकडून येतो. किनाऱ्यालगत तो दुपारच्या सुमारास पोचतो, तांबरम पंधराएक किलोमीटर आत असल्यानं आमच्याकडे उशिरा आणि दमून येतो. ज्या दिवशी पश्चिमेचे वारे त्याला अडवून धरतात तो दिवस सगळ्यात वाईट. आता गंमत बघा, महाबळेश्वरावर जूनमध्ये कोसळतो तो मोसमी वाराच पाणी घाटावर टाकून, कोरडा होऊन, पठारावर तापून आमच्यापर्यंत येतो. तुम्ही तिकडे छत्र्या उघडता तेव्हा इथे जूनचं सरासरी कमाल तापमान अजून ३७ च असतं. तेव्हा "मे संपला की सुटलो" हा सातारकरांचा हिशोब इथे लागू नाही.

कडक_कापी

सेलैयूरकरांना अनुमोदन. भर घालतो: मे महिन्यात येऊच नका!! ४ मे ते २८ मेच्या सुमाराला इथे अग्निनक्षत्र असतं, लोक "कत्तिरी वेयिल" म्हणतात. स्थानिक माणसंसुद्धा त्या दिवसांत लग्न-घरभरणी-सामान हलवणं टाळतात. पाचगणीहून निघून त्या आठवड्यात ट्रकमधून कपाटं उतरवायची म्हणजे कमाल आहे.

टेबललँडवाली

बापरे. मग कधी? शाळा तर जूनमध्ये सुरू होते.

कडक_कापी

मार्चअखेर किंवा एप्रिलचा पहिला आठवडा. मुलाची परीक्षा झाली की लगेच. उन्हाळा हळूहळू चढतो, शरीरही त्याच्याबरोबर चढतं.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, पण इथे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नाही.

शरीर उष्णतेला सरावतं हे खरं. निरोगी माणसाला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. पण हे होण्यासाठी रोज थोडा वेळ उष्णतेत वावरावं लागतं. चोवीस तास एसीत बसलेल्याला ते होत नाही. तेव्हा मार्चअखेर या म्हणणाऱ्यांशी सहमत, पण तुम्ही आणि मुलापुरतं.

सासूबाईंचं वेगळं. सत्तरीनंतर घाम कमी येतो आणि तहानच नीट लागत नाही. त्या "मला नको पाणी" म्हणतील ते खोटं नसेल, त्यांना खरंच तहान लागलेली नसेल. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी आहे का ते बघा. उष्ण हवेत रक्तवाहिन्या पसरतात, त्यात पाणी कमी पडलं की तोच डोस जास्त होऊ शकतो, उठताना चक्कर येते, माणूस पडतो. म्हणून निघण्यापूर्वी एकदा आणि तिकडे पोचल्यावर काही दिवसांनी पुन्हा डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका. आणि शेजारीपाजारी सांगतील म्हणून मीठ-साखरेचं पाणी सारखं पाजू नका, रक्तदाबाच्या माणसाला ते सरसकट चालत नाही.

बोलण्यात असंबद्धपणा, अंग तापलेलं, गुंगी, असं काही दिसलं तर ओल्या कापडानं अंग पुसत, पंखा लावून लगेच १०८ ला फोन. नंबर दोन्ही राज्यांत तोच आहे.

माझं मत विचाराल तर त्यांना या वर्षी उन्हाळ्यात नेऊच नका. जानेवारीत न्या. जानेवारी-फेब्रुवारी तिथे सगळ्यात सुखाचे.

लाल_माती

नाडीपरीक्षाताई, वैद्यकीय सगळं पटलं, पण शेवटचं नाही. ७६ वर्षांच्या बाईंना पाचगणीत एकटं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? मी महाबळेश्वरची. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घरांना गवताचं आच्छादन करून लोक आत बसतात. पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर आणि पाऊस निम्म्याहून कमी, मान्य, पण दिवसेंदिवस धुकं, वीज गेलेली, ओल आलेली गादी आणि बोलायला माणूस नाही. उन्हानं माणूस आजारी पडतो, तसा एकटेपणानंही पडतो. माझ्या आत्याचं हे डोळ्यांनी बघितलंय.

नाडीपरीक्षा

एकटं ठेवा असं म्हणायचं नव्हतं. दुसरं कुणी नातेवाईक असतील तर, असं गृहीत धरलं होतं. नसतील तर बरोबर न्यावं, फक्त एप्रिलच्या आधी आणि एक खोली थंड ठेवून.

टेबललँडवाली

नणंद साताऱ्याला आहे. पण सासूबाई म्हणतात, "लेकीकडे चार दिवस पाहुणी म्हणून जाईन, चार महिने नाही." त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं की तिकडे सकाळी चालायला जागा आहे का.

सेलैयूरकर

आहे की. पूर्व तांबरमला मद्रास ख्रिश्चन कॉलेज आहे. १९३७ मध्ये शहरातून इकडे आलं, आवारात अक्षरशः जंगल आहे. आत फिरायला देतात का हे त्यांच्या नियमांवर, पण शेजारच्या गल्ल्यांनाही सावली मिळते. हवाई दलाचा तळही याच बाजूला, त्यामुळे पूर्वेकडे झाडं टिकून आहेत. फक्त वेळ बदलावी लागेल. साडेपाचला बाहेर, सातच्या आत घरात. इथले सगळे आजी-आजोबा हेच करतात, आणि साडेपाचला फिल्टर कॉफीची दुकानं उघडी असतात.

अवांतर: तांबरमच्या आधीच्या लोकल स्टेशनचं नाव तांबरम सॅनेटोरियम आहे. १९२८ साली तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम निघालं, आज तिथे सरकारी छातीचं रुग्णालय आहे. तुमच्या पाचगणीतही बेल एअर हे क्षयरोग्यांसाठीच निघालेलं रुग्णालय आहेच. म्हणजे दोन्ही गावं एके काळी "हवा चांगली" म्हणूनच निवडलेली! सासूबाईंना सांगा, बघा हसतात का.

वाईची_पोर

बहिणीशी बोलले. तिचं म्हणणं, उन्हाळ्याचं सगळे सांगतील, पण पाणी तुंबण्याचं विचारा. ती पेरुंगुडीला यायच्या आधी वेलाचेरीत होती. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळ आलं तेव्हा वेलाचेरी, पळ्ळीकरणै भागात रस्त्यांवर होड्या चालल्या.

बोअरवेल

अगदी. तांबरमला घर बघताना पश्चिमेकडे मुडिच्चूर, वरदराजपुरम इकडे स्वस्त घरं दिसतील आणि ओरगडमला जायलाही तो रस्ता सोयीचा. पण तो अडयार नदीकाठचा सखल भाग आहे. २०१५ च्या डिसेंबरातल्या पुरात तिथे तळमजले बुडाले होते. सगळ्या गल्ल्या सारख्या नाहीत, म्हणून दलालाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, "२०१५ ला इथे पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, हे डोक्यात पक्कं बसवा. वर्षाचा चौदाशे मिलिमीटर, तुमच्या मानानं काहीच नाही. पण तुमच्याकडे पाणी उतारावरून कृष्णेकडे निघून जातं. इथे जमीन सपाट. चार दिवसांत चारशे मिलिमीटर पडला की जायला जागाच नसते.

वंडलूर-ऊरपाक्कम-गुडुवांचेरी पट्टा ओरगडमसाठी चांगला. वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता रुंद आहे. किलांबाक्कमला नवं बस टर्मिनस झाल्यापासून सणासुदीला जीएसटी (ग्रँड सदर्न ट्रंक) रोडवर गर्दी मात्र बेकार.

आता प्यायच्या पाण्याचं. मालकाला तीन गोष्टी विचारा. बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का, ते गोड की खारट, आणि टँकर मागवला तर पैसे कुणी द्यायचे. तिसऱ्याचं उत्तर भाडेकरारात लिहून घ्या. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव आटले होते, तेव्हा टँकरच्या खर्चावरून मालक-भाडेकरूंची जी भांडणं झाली ती अजून लोकांच्या लक्षात आहेत. प्यायला बहुतेक घरी वीस लिटरचे कॅन येतात. बोअरचं पाणी जड असलं तर गिझर आणि वॉशिंग मशीनला क्षार धरतात. तसा गिझर इथे वर्षातले दहा महिने लागत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून इतकं कढत येतं की बादली सकाळीच भरून ठेवावी लागते.

टेबललँडवाली

नळाला कढत पाणी! आमच्याकडे डिसेंबरात हात बधिर होतात.

अनामत रक्कम किती? एका दलालानं दहा महिन्यांचं भाडं सांगितलं.

सेलैयूरकर

ती इथली जुनी पद्धत. तमिळनाडूचा भाडेकरू कायदा २०१७ चा, लागू झाला २०१९ ला, त्यात करारात वेगळं ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. प्रत्यक्षात जास्त मागणारे आहेतच. कायदा माहीत आहे एवढं दाखवलं तरी आकडा खाली येतो. सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, तेही आधी बोलून घ्या.

आणि वीज. बिल दोन महिन्यांचं येतं, पहिली १०० युनिट फुकट, पुढे पायरीपायरीनं दर चढतात. काही मालक सबमीटर लावून स्वतःच्या मनानं युनिटचा दर ठरवतात आणि ती फुकटची युनिटं स्वतः खातात. स्वतंत्र मीटर असलेलंच घर घ्या. पंखे बीएलडीसी घ्या, जुना पंखा ७५ वॅट खातो तर हे तीसेक वॅटमध्ये चालतात, आणि इथे पंखा चोवीस तास चालतो. एसी सासूबाईंच्या खोलीत आधी, २६-२७ वर, वर मंद पंखा. एकदम १८ वर लावलात तर बाहेर पाऊल टाकलं की डोकं दुखतं.

अनुस्वार

शाळेबद्दल. तमिळनाडूत २००६ चा कायदा आहे, तमिळ सक्तीचं, आधी राज्य मंडळाच्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं, मग इतर मंडळांतही. पण सातवीत बाहेरून आलेल्या मुलाला सीबीएसई शाळा बहुधा दुसरी-तिसरी भाषा म्हणून हिंदी, संस्कृत किंवा फ्रेंचचा पर्याय देतात. शाळेगणिक फरक पडतो, प्रवेशाच्या वेळीच विचारा. मराठी मात्र सुटेल. आमच्या लेकीचं वाचन आम्ही घरी चालू ठेवलं, रोज एक पान, भांडण करून का होईना.

आणि पर्याय असला तरी बोलायचं तमिळ मुलाला शिकू द्या. खेळायला गेल्यावर ते लागतंच. मुलं आपल्या आधी शिकतात आणि मग भाजीवाल्यासमोर आपली लाज काढतात.

मोडीवाचक

आम्ही तंजावरी मराठी. पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या वेळी आले, शेकडो मैलांवरून, तेही पंख्याशिवाय, तेव्हा काळजी नसावी :)

घरात मराठी बोलतो, तुम्हाला ती थोडी विचित्र वाटेल. चेन्नईत आमची बरीच घरं आहेत. तुमच्या सासूबाईंना कधी आपली भाषा ऐकायची असेल तर माझी आई बोलायला एका पायावर तयार आहे, विपु (विचारपुशीत निरोप) करा.

खाण्यापिण्याचं: कोकम घरून आणा. ज्वारी इथे चोळम आणि बाजरी कंबू म्हणून मिळते, दळून घ्यावी लागते. उन्हाळ्यात नीर मोर, म्हणजे आलं-हिंग-कढीपत्ता घातलेलं पातळ ताक, देवळांबाहेर आणि चौकांत फुकट वाटतात. ताडगोळे रस्त्यारस्त्यावर, इथे नुंगू म्हणतात. आंबा बंगनपल्ली, इमाम पसंद. हापूसची तुलना करत बसू नका, इमाम पसंद मन लावून खा.

लाल_माती

स्वयंपाकघरात अजून एक बदल होईल. पाचगणी तेराशे मीटरवर, तिथे पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळतं. खाली शंभरला. उघड्या पातेल्यातली डाळ लवकर शिजते. आणि आपल्याकडे इडलीचं पीठ थंडीत दीड-दोन दिवस ब्लँकेटात गुंडाळून ठेवावं लागतं, चेन्नईत सकाळी वाटलेलं दुपारी भांड्याबाहेर. तिकडे गेलेल्या माझ्या वहिनीनं पहिल्या आठवड्यात ओट्यावरून पुसून काढलं होतं. दही चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबट. विरजण अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढंच.

वाईची_पोर

गाडी नेणार असाल तर साताऱ्याच्या आरटीओची एनओसी आधी काढा. एमएच ११ ची पाटी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, तिथे नवी नोंदणी आणि रोड टॅक्स. जुनी गाडी असेल तर हिशोब करा, विकून जाणं परवडतं.

टेबललँडवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते सांगते.

नवरा मार्चमध्ये जाऊन सेलैयूर आणि वंडलूर दोन्हीकडे घरं बघेल, रात्री नऊला, भिंतीला हात लावून (तो म्हणतो लोक चोर समजतील). परीक्षा झाली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं बरोबरच निघणार. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "जानेवारीपर्यंत थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांग, या वयात जानेवारीच्या गोष्टी करू नयेत." गोळ्यांमध्ये लघवीची गोळी निघाली, डॉक्टरांची वेळ घेतलीय. मोडीवाचक, तुम्हाला विपु केली आहे, सासूबाईंना तुमच्या आईंचा नंबर हवाय.

आता शेवटचा प्रश्न. घरात पाच रजया, सात गोधड्या आणि ट्रंकभर लोकरीचे कपडे आहेत. सासूबाई म्हणतात सगळं न्यायचं. काय करू?

कडक_कापी

एक पातळ गोधडी माणशी. एसीत लागते. बाकी नणंदेकडे.

बोअरवेल

लोकर अजिबात नको. दमट हवेत कसर आणि वास. पाचगणीच्या पावसाळ्यात बुरशी सांभाळलीत तशी इथे वर्षभर सांभाळावी लागेल. चामड्याच्या चपला-पट्टेही कमी आणा.

नाडीपरीक्षा

जानेवारीचा टोला मान्य :) त्यांना नमस्कार सांगा. त्यांच्या आवडीची एक गोधडी मात्र राहू द्या, गरम होत असलं तरी.

सेलैयूरकर

नवऱ्याला माझा नंबर विपुतून देतो. शनिवारी येत असेल तर घरं बघायला मी बरोबर येतो, म्हणजे चोर समजले तर निदान तमिळमध्ये समजावता येईल.